चुलीला न चाललेलं लाकूड

टेशी, अक्रा
१२ जानेवारी १९९८

आदजेले ताई,

तुझं पत्र सेन्योनं काल हातात दिलं आणि "मास्तरीणबाईंनी उत्तर घेतल्याशिवाय परत येऊ नको म्हणून बजावलंय" असं म्हणत माझ्याच स्टुलावर बसून माझीच केंकी आणि तळलेला मासा फस्त केला. तुझ्या गावाकडे जाणारी एकच ट्रोट्रो, तिचा एकच ड्रायव्हर, आणि तो असा. तरी टपालखात्यापेक्षा बराच म्हणायचा.

तर उत्तर घे. झालं! खोकं चालतं!

तेमा बंदरात परदेशी कचेऱ्यांमधले मोडके संगणक कंटेनर भरभरून येतात ना, त्यांच्या कळा मी किलोवर आणतो. त्याखाली एक छोटी चिप, वर बिघडलेल्या हिशेबयंत्रातली एका ओळीची काच, आणि पोटात टॉर्चचे चार सेल. बस. पोरानं टाइप केलं की काचेवर अक्षरं सरकतात आणि चार-पाच पानं खोक्याच्या डोक्यात राहतात. नंतर प्रिंटरला वायर लावली की छापून बाहेर. एका जुन्या टाइपरायटरच्या किमतीत अशी दहा होतात. तुझ्या शाळेत वीज नाही म्हणून टायपिंगच्या परीक्षेला पोरं बसवत नाहीत, असं तू लिहिलं होतंस. आता बघू कोण बसवत नाही ते.

अडलं होतं ते फक्त कवचापाशी. प्लॅस्टिकचा साचा करायचा तर मला स्वतःलाच विकावं लागेल. पत्रा वापरला तर आत काहीतरी टेकून सगळं बंद पडतं. मग अता क्वेयेंनी, आपल्या सगळ्या गल्लीच्या आजोबांनी, सोडवलं. आपल्या गल्लीच्या तोंडाशी शवपेट्या करतात ते. तू लहानपणी त्यांच्या त्या लाकडी माशाच्या पोटात लपून बसली होतीस आणि आई गावभर शोधत फिरली होती. अजून तसेच आहेत, फक्त दात गेलेत. हल्ली त्यांच्या पेट्या परदेशातल्या संग्रहालयांतसुद्धा जातात, कुणी मेल्याशिवायच. विमानाच्या, मिरचीच्या, मर्सिडीजच्या, कोंबडीच्या आकाराच्या, काय म्हणशील त्या.

त्यांच्या मागल्या अंगणात वावाच्या तुकड्यांचा डोंगर पडलाय. हलकं, मऊ, कापायला सोपं लाकूड. एरवी गल्लीतलं लाकूड किनाऱ्यावरच्या मासे धुरवणाऱ्या बायका हातोहात नेतात. पण क्वेयेंच्या ह्या ढिगाला त्या शिवत नाहीत. का, तर म्हणे मेलेल्याच्या वाटणीचं लाकूड! नाक मुरडून पुढे जातात. आणि म्हणून अतांनी मला ते जवळजवळ फुकट दिलं. निघताना मागून ओरडले, "चुलीत घालू नको रे हे!" मी म्हटलं, अता, एकेका खोक्यापायी माझं रक्त आटतंय, ते काय चुलीत घालायला?

शेवटी एक अंधश्रद्धा आपल्या कामाला आली म्हणायची. तुझ्या गावात मात्र लाकूड कुठलं ते बोलू नकोस. तुझ्या सासूबाईंना तर अजिबात नको.

कोरकोयला सांग, मामानं पहिलं खोकं तिच्या बोटांच्या मापानं बनवलंय. दिवसभर तारांना डाग देऊन देऊन माझं डोकं ठणकतंय, डोळ्यांतून पाणी येतंय. डागाचा धूर, दुसरं काय.

तुझा,
लोमोते


आवेकोपे
२ फेब्रुवारी

लोमोते,

खोकी पोचली. सेन्योनं ती टपावर शेळ्यांच्या शेजारी बांधून आणली. एका शेळीनं एका खोक्याचा कोपरा चाटला असावा, वार्निश गेलंय. बाकी सगळी धड आहेत.

तू वर्गात असायला हवा होतास. खोकं उघडल्यावर पोरं आधी घाबरली, मग हसली, मग जी बसली ती उठेनात. त्यांनीच नाव ठेवलं: टिकटिकी. मांडीवर घेऊन, पोटाशी धरून बसतात, घाम फुटला तरी सोडत नाहीत. मुख्याध्यापक तीन वेळा दारात येऊन उभे राहिले आणि एकही चूक न काढता परत गेले. त्यांच्या बाबतीत ही टाळ्यांच्या कडकडाटासारखी गोष्ट समज. शुक्रवारी मिशनचा जनरेटर चालतो, तेव्हा त्यांच्या प्रिंटरवर पानं छापून आणते.

कोरकोय सगळ्यांच्या पुढे आहे. आई म्हणून बोलत नाही. अकरा वर्षांची पोर न बघता टाइप करते आणि माझ्याकडे बघून हसते, ते मला खरं तर आवडत नाही. परीक्षेच्या यादीत तिचं नाव घालायला मुख्याध्यापक तयार झालेत. ती पास झाली तर केटाच्या शाळेत जागा आणि राहण्या-खाण्याची सोय. तिचा बाप आबिजानला जाऊन बसलाय ते तुला माहीतच आहे. येतो म्हणतो, येत नाही. तेव्हा हिचं पुढचं सगळं तुझ्या खोक्यावर आहे, हे नीट ध्यानात घे.

एक विचारायचं होतं. खोक्यांना वास येतो. घासलेटासारखा, त्यात थोडा लसणासारखा. रात्रभर पत्र्याच्या ट्रंकेत बंद असतात, सकाळी झाकण काढलं की भपकाराच येतो. पहिल्या तासाला दोन-तीन पोरांची डोकी दुखतात.

सासूबाईंनी खोकं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, हुंगलं आणि विचारलं, "कुठल्या झाडाचं?" मी म्हटलं, वावाचं. "आणि त्याआधी काय होतं?" मी म्हटलं, त्याआधी झाड होतं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि हात धुऊन आल्या. तुझ्या सांगण्यावरून खोटं बोलले. पुढच्या वेळी तू ये आणि तू बोल.

आदजेले


टेशी
९ फेब्रुवारी

ताई,

वास वार्निशचा. स्वस्तातलं आहे, लपवत नाही. महिनाभरात उडून जाईल. आणि डोकी? आपण शाळेत असताना गणिताच्या तासाला आपली दुखायची नाहीत का? तुझं तर पोटही दुखायचं.

तू पाठवलेली छापील पानं पाहिली. मास्तर म्हणून तू चुका शोधत असशील, मी मात्र दुसरंच शोधत होतो आणि सापडलं. काही पानांवर एकच अक्षर दोनदा उमटलंय. पोराची चूक नाही ती. कळ दाबली की आतला तुकडा थरथरतो आणि एका दाबाचे दोन होतात. आमच्या धंद्यातला नेहमीचा रोग आहे. मी चिपला शिकवलंय की पहिल्या दाबानंतर क्षणभर कान बंद ठेव. बदललेल्या चिपा सेन्योबरोबर पाठवतोय, कशा बसवायच्या त्याचं चित्र काढून दिलंय.

आता मोठी बातमी. शिक्षणखात्यातला एक साहेब एप्रिलमध्ये तुझा वर्ग बघायला येणार. पसंत पडलं तर पाचशे खोक्यांची मागणी! अता क्वेयेंचं अंगण मी एका वर्षात साफ करीन. तोवर दर आठवड्याला सगळ्यांची पानं पाठव. दोनदा उमटणारं एकही अक्षर मला साहेबासमोर नकोय.

तू सध्या फक्त पोरं सांभाळ. खोकी माझ्यावर सोड.

लोमोते


आवेकोपे
२३ फेब्रुवारी

लोमोते,

फुटलं. लाकडाचं गुपित फुटलं.

शाळेची पडकी भिंत बांधायला एक गवंडी आलाय, बोर्तेई नावाचा. निघाला टेशीचा. दुपारी गारी भिजवून खात वर्गात डोकावला. एका पोरानं सेल बदलायला खोक्याचं झाकण काढलं होतं. झाकणाच्या आतल्या अंगाला निळा रंग आणि त्यावर पांढरे खवले. हा गृहस्थ हसत हसत म्हणाला, "अरे, हा तर क्वेयेचा मासा! माझ्या काकाला असल्याच माशातून पुरलं." त्याला वाटलं, गमतीची गोष्ट सांगतोय. संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर दुसरा विषय नव्हता.

तुला निळा रंग खरवडून काढता आला नाही?

दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा. एका आईनं मला रस्त्यात अडवलं. "मास्तरीणबाई, माझी पोरगी झोपेत बोटं उडवते. मेलेला माणूस तिच्याकडून काय लिहून घेतोय?" तोग्बेंनी मला घरी बोलावलं. गावचा म्हातारा प्रमुख, तोंडानं गोड. म्हणाले, "बाई, लाकूड ज्याच्यासाठी कापलं त्याचंच राहतं. पोरांना त्रास होतोय हे तर तुम्हालाही दिसतंय." ते खरं दिसतंय, लोमोते. डोकी दुखतात. डोळ्यांतून पाणी येतं. दोघांना वर्गात उलट्या झाल्या. मिशनच्या दवाखान्यातली नर्स म्हणते हिवताप. ह्या दिवसांत तिला सगळंच हिवताप दिसतं.

सासूबाई घरात माझ्याशी बोलत नाहीत, माझ्यासमोर भिंतीशी बोलतात. काल भिंतीला सांगत होत्या की नात आपली आहे, लाकूड परक्याचं आहे. गावातली तरणी पोरं वर्गाचं कुलूप तोडून खोकी नेणार अशी कुणकुण आहे.

मला तुझ्याकडून एकच हवंय. ह्या लाकडात काही वाईट नाही हे तू मला लिहून दे. भुताबिताचं म्हणत नाही मी. काहीही वाईट नाही, असं लिही.

आदजेले


टेशी
२६ फेब्रुवारी

ताई,

लिहून देतो. काही वाईट नाही. लाकूड म्हणजे लाकूड. ज्याच्यासाठी कापलं होतं तो मासा कधीच एका परदेशी संग्रहालयात जाऊन बसलाय, त्यात कुणी मेलेलं झोपलेलंसुद्धा नाही. झालं समाधान?

मला राग आलाय आणि तो तुझ्यावरही आलाय. तू आपल्या घरातली पहिली शिकलेली मुलगी. तुझं बघून मी शिकलो. आणि आज एक गवंडी गारी खाता खाता काहीतरी बरळतो आणि तू मला विचारतेस, लाकडात काही आहे का? हीच माणसं आहेत, किनाऱ्यावरच्या बायकांसारखी. चांगलं सुकलेलं लाकूड समोर असताना ओली फाटी विकत घेतील, पण मेलेल्याचं नको. एकाचं डोकं दुखलं की बाकीच्यांची दुखायला लागतात. भीती अशीच पसरते, तिला हिवतापाचा डास लागत नाही.

साहेब एप्रिलमध्ये येणार म्हणजे येणार. तोवर एकही खोकं गमावून चालणार नाही. शाळेत ठेवूच नकोस. ट्रंक रात्री घरी आण. बाहेरच्या खोलीत नको, तिथं सासूबाईंचं राज्य. कोरकोयच्या खोलीत, तिच्या पलंगाखाली सरकव. त्या खोलीची खिडकी रस्त्याकडे आहे ना? लावून घे, कडी घाल. गरम होईल, पण कुणी हात घालून ओढून नेणार नाही. पोरीला सांग, ती राखणदार आहे. तिला ते आवडेल.

आणि पानं पाठवायची थांबवू नकोस. कान बंद ठेवायला शिकवूनही काही अक्षरं दोनदा येतातच आहेत. कुठली कळ, कुठलं खोकं, ते मला शोधायचंय.

लोमोते


आवेकोपे
१४ मार्च

लोमोते,

तू सांगितलंस तसं केलं. ट्रंक दोन आठवडे पलंगाखाली आहे, खिडकीला कडी आहे. वर्ग भरतो. पोरं कमी झाली तरी भरतो, म्हणून त्यावर मी काही लिहीत नाही.

कोरकोय बरी नाही. नर्सनं हिवतापाच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्या, दुसऱ्या दिल्या. ताप तर नाहीच. नुसता घाम. उशी भिजते, तोंडातून लाळ गळते, तान्ह्या पोरासारखी. सकाळी वाईट असते, दुपारी शाळेच्या झाडाखाली बसली की जरा माणसात येते, रात्री झोपून उठली की पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, रात्री ह्या खोलीत कुणीतरी येतं. मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

तिचं खोकं बिघडलंय, अक्षरं सारखी दोनदा उमटतात म्हणून ती रडते. ते सेन्योबरोबर पाठवतेय, लगेच दुरुस्त कर. तोवर तिला दुसऱ्या पोराचं दिलंय. तिनं तुला लिहिलंय. काल छापलं, सोबत जोडलंय.

आदजेले

[सोबतचं छापलेलं पान]

प्रिय मामा,
तुतुमची राखणदार लिहितेय. माझं खोकं बिबिघडलं म्हणून मी हे यावोच्या खोक्यावर ललिहितेय पण तेही बिघघडलेलं आहे. रागावू नका. मी हळू दादाबते तरी दोनदा येतं.
रात्री मी हहात खाली सोडून ट्रंकेवर ठेवते म्हणजे कुणी ओढली ततर मला कळेल. अजून ककुणी आलं नाही.
आता सकाळी धूधूसर दिसतं. आजी म्हणते माझ्या डोळ्यांतल्या बाबाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाझाल्यात. मी आरशात पाहिलं. खखरंच आहे. गंमत वाटते.
परीक्षेला मी पास हहोणार. साहेब येतील तेव्हा तुतुम्ही पण या.
कोकोरकोय


टेशी
२० मार्च, शुक्रवार

ताई,

हे वाचायच्या आधी उठ. ट्रंक घराबाहेर काढ. आत्ता. खिडकी, दारं सगळं उघड. पोरीला अंगणात आण, साबणानं अंघोळ घाल, कपडे बदल. मग पुढे वाच.

सेन्योनं आणलेलं खोकं मी सकाळी उघडलं. दिवसभर त्यावर टाइप केलं. हजार वेळा केलं. एक अक्षर दोनदा उमटलं नाही. मग सगळ्यांची सगळी पानं जमिनीवर पसरली. आधीच पसरायला हवी होती. पहिल्या पानांवर एक-दोन खोकी खरंच थरथरत होती, ती नव्या चिपेनं बरी झाली. त्यानंतर दोनदा उमटलेलं जवळजवळ प्रत्येक अक्षर एकाच पोरीचं आहे. तिच्या खोक्यावर तिचं, यावोच्या खोक्यावरही तिचंच, आणि यावो लिहितो तेव्हा त्याच खोक्यावर नाही. कळ थरथरत नव्हती, ताई. बोटं थरथरत होती. मी चिपेला कान बंद ठेवायला शिकवत बसलो होतो.

बाहुल्या टाचणीएवढ्या, असं तिनं स्वतः मला लिहिलं. गंमत वाटते म्हणाली.

मी क्वेयेंकडे धावत गेलो. म्हातारा मिरचीच्या आकाराची पेटी रंगवत होता. म्हटलं, अता, त्या लाकडाला काय लावलंय? म्हणाले, "औषध." कसलं औषध? "किड्यांचं. परदेशी जहाजात पोखरलेलं लाकूड घेत नाहीत. म्हणून संग्रहालयाच्या पेट्यांच्या फळ्या पिंपात बुडवून ठेवतो, चांगली दोन दिवस. मग भुंगा जवळ येत नाही." मी ओरडलो, मला सांगितलं का नाही? ते म्हणाले, "सांगितलं की! चुलीत घालू नको म्हणालो. आणखी काय सांगायचं? तू खोकी करणार होतास. खोकं काय कुणी चाटतं?"

आणि त्या बायका, ताई. त्यांना मेलेल्याचं लाकूड म्हणून नको होतं असं नाही. ते मी ठरवलं होतं, मला तसं ठरवायला आवडलं म्हणून. अतांनीच आज सांगितलं, गेल्या वर्षी त्यांच्यातल्या दोघींनी ह्याच तुकड्यांवर मासे धुरवायला घेतले. झोपडीत धूर भरला. तोंडाला फेस आला, हातपाय झटकायला लागल्या. एक वाचली. दुसरी, मेर्ले तिचं नाव, दवाखान्यात पोचेपर्यंत गेली. धुरातून ते अंगात शंभरपट जातं असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं म्हणे. किनाऱ्यावर पोरासोरांना माहीत आहे. मी चार पावलं चालून एकीलाही विचारलं नाही.

तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, म्हणजे तुमच्या जिल्ह्याच्याच. नर्सकडे नको. डॉक्टरला सांग, हिवताप नाही, किड्यांचं विष आहे. यावर उतारा असतो, पण डॉक्टर औषधाचं नाव विचारणार आणि पिंपावरचा कागद क्वेयेंनी कधीच फाडून टाकलाय. ज्यानं विकलं तो दुकानदार कुमासीला गेलाय, उद्या संध्याकाळी येतो. मी त्याच्या दारात बसून राहीन. नाव घेऊन रविवारी पहिल्या गाडीनं निघतो. माझे पाय आत्ताच तिकडे वळतायत, पण रिकाम्या हातानं येऊन काय करू? माझ्याआधी हे पत्र पोचायला हवं, म्हणून सेन्योच्या खिशात घालून, वर पैसे देऊन, त्याला आईची शपथ घ्यायला लावलीय की आज रात्री तुझ्या हातात देईल.

खोकी कुठंतरी लांब ठेव, पाण्याजवळ नको. साहेब गेला खड्ड्यात. पाचशे खोकी गेली खड्ड्यात. सासूबाईंना सांग, त्यांचं बरोबर होतं.

तिला सांभाळ, ताई. मी येतोय.

लोमोते


आवेकोपे
२१ मार्च, शनिवार दुपार

लोमोते,

सेन्यो कालही आला नाही, आजही नाही. लोक म्हणतात त्याची गाडी शोगाकोपेच्या अलीकडे एका मोठ्या अंत्ययात्रेला भाड्यानं गेलीय, पाहुणे ने-आण करायला. शनिवारी सगळीकडे मयताचे सोहळे असतात, रस्त्यावर दुसरी गाडी मिळतच नाही ते तुला माहीत आहे. जेवण, ढोल आणि दारू सोडून तो सोमवारआधी काही यायचा नाही. तुझं काही पत्र त्याच्याजवळ असलं तर मग मिळेलच. मी हे रताळ्यांच्या ट्रकवाल्याकडे देतेय.

रागावणार आहेस. रागाव, पण आधी चांगली बातमी ऐक. कोरकोय बरी आहे!

मंगळवारी मी शाळेत असताना सासूबाईंनी खिडकी फोडली. खरंच फोडली, मुसळानं. ट्रंक ओढत अंगणापलीकडच्या रिकाम्या कोंबडवाड्यात नेली आणि नातीला स्वतःजवळ बाहेर, कडुनिंबाखाली चटईवर निजवलं. मी घरी येऊन आकांत केला. तुझं सगळं बोलले, शिक्षण, साहेब, अंधश्रद्धा, सगळं. म्हातारी म्हणाली, "तीन रात्री दे. मग तुझ्या भावाचं ऐकते." आणि लोमोते, तिसऱ्या सकाळी पोरगी उठून स्वतः पाणी भरून आली. घाम नाही. लाळ नाही. काल तिनं अक्पले आणि भेंडीची आमटी मागून घेतली. बोटं अजून जराशी उडतात, तेवढंच.

माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तू लिहून दिलेलं माझ्याजवळ आहे आणि पोरगीही माझ्यासमोर आहे. मी पोरीवर विश्वास ठेवला.

काल तोग्बेंच्या अंगणात सगळे जमले. ज्याचं लाकूड त्याला परत गेलं पाहिजे, हे सगळ्यांचं म्हणणं. पुरावं की नदीत सोडावं की जाळावं ह्यावर खूप वाद झाला, कारण असं काही इथं कुणी कधी केलेलं नाही. तसलं लाकूडही कधी आलं नव्हतं. सासूबाई पुरा म्हणत होत्या. पण तोग्बे म्हणाले, पुरलं की कुणीतरी उकरतं. जाळायचं ठरलं. आणि ज्या ज्या पोरानं खोकं पोटाशी धरलं त्यानं धुरात बसायचं, म्हणजे अंगात जे शिरलंय ते धुरासोबत निघून जाईल. वारा लागू नये म्हणून शाळेची जुनी गवताची खोली घेतलीय.

मी हो म्हटलं. मला माहीत आहे तू काय म्हणशील. पण सोमवारपासून पोरं परत वर्गात येतील, खडू-पाटीवर का होईना शिकतील, आणि मला रस्त्यात कुणी अडवणार नाही. थोड्या धुरानं कुणाचं काय वाईट झालंय? तुझ्या चिपा आणि कळा मी आधीच काढून पिशवीत ठेवल्यात. पुढच्या वेळी पत्र्याची कर, नाहीतर कशाचीही कर.

पेटवायला आणलेलं गवत ओलं आहे, म्हणून खोक्यांचे तुकडे करून त्यांचाच ढीग रचलाय. छान सुकं लाकूड आहे, चटकन पेटेल असं सगळे म्हणतायत. ट्रकवाला हॉर्न वाजवतोय आणि तिकडून पोरांचा आवाज येतोय, जत्रेला निघाल्यासारखा. कोरकोय नवा फ्रॉक घालून दारात उभी आहे. सगळ्यात जास्त तिनंच खोकं वापरलं, म्हणून तिला सगळ्यात पुढे, अगदी आगीजवळ जागा दिलीय. मी तिच्या शेजारी बसणार आहे.

तुझी,
आदजेले